विश्लेषण : एजंट लोणावळ्यात, फ्लॅट मोशीत! दुरून घरविक्री कितपत शक्य?

समजा, सोमवारची सकाळ आहे. मोशीतल्या एका इस्टेट एजंटाने दोन ग्राहकांना फ्लॅटचे व्हिडीओ पाठवले, बिल्डरच्या माणसाला गुरुवारच्या साइट व्हिजिटची वेळ कळवली, एका भाडेकराराचा मसुदा तपासला. हे सगळे त्याने केले ते लोणावळ्याच्या आपल्या सुटीच्या घरातून. ग्राहकांना त्याचा पत्ताही लागला नाही. पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात घरांची खरेदी-विक्री आणि भाड्याचे व्यवहार आता बऱ्याच अंशी मोबाइलवर चालतात. त्यामुळे एजंटाने दुकानातच बसले पाहिजे असे राहिलेले नाही. मात्र समोरचा माणूस आयुष्यभराची पुंजी आणि वीस वर्षांचे कर्ज या व्यवहारात घालत असतो. अशा वेळी एजंट जागेवर नसणे कितपत चालते? कायदा काय सांगतो? आणि ग्राहकाने कशाची खात्री करावी?

सुटीच्या घरातून काम ही कल्पना आली कुठून?

लोणावळा, कामशेत, पवनानगर, मुळशी ही पिंपरी-चिंचवडकरांच्या हाकेच्या अंतरावरची ठिकाणे. चिंचवड ते लोणावळा हे अंतर ५० किलोमीटरच्या आत आहे आणि पुणे-लोणावळा लोकल पिंपरी, चिंचवड, आकुर्डीवरूनच जाते. शहरातल्या अनेक कुटुंबांनी या भागात दुसरे घर घेतले. काहींनी दापोली, मुरूडकडे घेतले. ही घरे वर्षातले बरेच दिवस बंदच असतात.

करोनाच्या टाळेबंदीत, २०२० मध्ये, साइट व्हिजिट बंद पडल्या आणि बिल्डरांनी सॅम्पल फ्लॅट व्हिडीओवर दाखवायला सुरुवात केली. त्याच वर्षी राज्य सरकारने मुद्रांक शुल्कात १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात तीन टक्के आणि त्यानंतर ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के सवलत दिली. घरखरेदीची झुंबड उडाली. घर आधी फोनवर पाहायचे आणि पसंत पडले तरच गाडी काढायची, ही सवय ग्राहकांना तेव्हा लागली. नंतर ती सुटली नाही. ग्राहकच घरबसल्या पाहत असेल, तर एजंटाने भाड्याचा गाळा कशाला सांभाळायचा, हा प्रश्न मग साहजिकच येतो.

एजंटाचे कोणते काम खुर्चीत बसून होते?

बरेचसे होते. ग्राहकाचे बजेट आणि गरज समजून घेणे, त्याला चार ठिकाणे सुचवणे, मालकाशी भाव बोलणे, बँकेच्या माणसाशी गाठ घालून देणे ही कामे फोनवर होतात. कागदपत्रांची पहिली तपासणी तर दुरूनच अधिक नीट होते. प्रकल्पाची नोंदणी, मंजूर नकाशे, पूर्णत्वाची तारीख, प्रकल्पावरचे कर्ज आणि दावे महारेराच्या संकेतस्थळावर पाहता येतात. सातबारा आणि फेरफार ऑनलाइन मिळतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सरकारी कामालाही चालतो. पूर्वी झालेले दस्त नोंदणी व मुद्रांक विभागाच्या ई-सर्चमध्ये शोधता येतात आणि इंडेक्स टू पाहून मालकी कोणाकडून कोणाकडे गेली हे कळते.

बिल्डरकडून नवा फ्लॅट घेताना अनेक ठिकाणी दस्ताची ई-नोंदणी बिल्डरच्या कार्यालयातूनच होते. जुन्या फ्लॅटच्या व्यवहारात मात्र विकणारा आणि घेणारा, किंवा त्यांचे कुलमुखत्यार, दुय्यम निबंधकापुढे हजर राहावे लागतात. तिथे एजंटाची सही कायद्याने लागत नाही. पण ऐन वेळी आधार कार्डावरचे नाव जुळले नाही किंवा सोसायटीचे ना-हरकत पत्र घरी राहिले, की धावपळ करायला माणूस लागतो. तो माणूस लोणावळ्याहून वेळेत पोहोचत नाही.

कायदा एजंटाची खुर्ची पाहतो की फ्लॅटचा पत्ता?

फ्लॅटचा पत्ता. या विषयातला कळीचा मुद्दा हाच आहे.

स्थावर संपदा (नियमन व विकास) कायदा २०१६ चा. महाराष्ट्रात महारेराचे काम १ मे २०१७ पासून सुरू झाले. या कायद्यात एजंटाची व्याख्या व्यापक आहे. घेणारा आणि विकणारा यांची ‘कोणत्याही माध्यमातून’ गाठ घालून देणारा आणि त्याबद्दल मोबदला घेणारा तो एजंट, मग त्याला दलाल म्हणा, ब्रोकर म्हणा की चॅनल पार्टनर. म्हणजे व्हॉट्सॲपवरून ग्राहक जोडणाराही त्यातून सुटत नाही. नोंदणीकृत प्रकल्पातले घर किंवा प्लॉट बिल्डरच्या वतीने विकायचा असेल, तर एजंटाची नोंदणी सक्तीची आहे. ती नसेल तर दिवसाला १० हजार रुपये या दराने, मालमत्तेच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो.

ही नोंदणी संपूर्ण राज्यासाठी एकच असते. म्हणून मोशीच्या पत्त्यावर नोंदणी असलेल्या एजंटाने लोणावळ्यात किंवा दापोलीत बसून मोशीचा फ्लॅट विकला, तर नोंदणीच्या दृष्टीने त्यात काही गैर नाही. अट इतकीच, की नोंदणी प्रमाणपत्र मुख्य कार्यालयात आणि शाखेत दर्शनी भागात लावलेले असावे, तसेच जाहिरातीपासून पावतीपर्यंत प्रत्येक कागदावर एजंटाचा आणि प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक असावा. सुटीचे घर हेच कायमचे कार्यालय होणार असेल, तर महारेराकडचा पत्ताही बदलून घ्यायला हवा. तक्रार झाली तर नोटीस त्याच पत्त्यावर जाते.

सुटीचे घर गोव्यात असेल तर?

तरीही नियम तोच. गोव्यात बसून पिंपरीतला फ्लॅट विकायचा, तर महाराष्ट्राची नोंदणी लागते. मात्र गोव्यात राहता राहता शेजारच्या नव्या प्रकल्पातले व्हिला पुण्याच्या ग्राहकांना विकायला घेतले, तर गोव्याच्या रेराकडे वेगळी नोंदणी करावी लागेल. अनेक एजंटांची इथे गफलत होऊ शकते. सुटीच्या गावी ओळखी वाढतात, बिल्डर भेटतात, ‘एखादा ग्राहक असेल तर बघा’ असे सांगतात. त्या एका ग्राहकासाठीही नोंदणी लागते.

जीएसटीचा कायदाही याच दिशेने जातो. स्थावर मालमत्तेशी थेट संबंधित सेवा, आणि त्यात इस्टेट एजंटाचा स्पष्ट उल्लेख आहे, मालमत्ता जिथे असेल तिथे पुरवली असे धरले जाते. एजंट कुठे बसला होता याने फरक पडत नाही. वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांच्या वर गेली, की दलालीवर १८ टक्के जीएसटी लागतो. बिल्डर दलाली देताना दोन टक्के टीडीएस कापतो. समजा ६० लाखांच्या फ्लॅटवर एक टक्का, म्हणजे ६० हजार रुपये दलाली ठरली. तर १,२०० रुपये टीडीएस कापला जाईल आणि एजंट जीएसटीत नोंदलेला असेल तर १०,८०० रुपये कर बिलात वेगळा दाखवावा लागेल.

एजंट पात्र आहे हे कसे ओळखायचे?

महारेराने एजंटांसाठी प्रशिक्षण, परीक्षा आणि सक्षमता प्रमाणपत्र सक्तीचे केले. १ जानेवारी २०२४ नंतर ते नसलेल्यांना काम करता येत नाही. ज्यांनी ते घेतले नाही अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली. म्हणजे कधी काळी मिळालेला नोंदणी क्रमांक आज चालू असेलच असे नाही. नोंदणीची मुदत पाच वर्षांची असते.

समोर दुकान असते तेव्हा माणूस भिंतीवरचे प्रमाणपत्र पाहू शकतो. व्हिडीओ कॉलवर भिंत दिसत नाही. म्हणून क्रमांक मागून तो महारेराच्या संकेतस्थळावर स्वतः तपासणे हाच मार्ग उरतो. प्रकल्पाच्या जाहिरातीत १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही बंधनकारक आहे. तो स्कॅन केला की प्रकल्पाची अधिकृत माहिती उघडते. एजंटाने बिल्डरची जाहिरात कापून, क्यूआर कोड वगळून, स्वतःचा फोटो लावून पाठवली असेल, तर तिथेच सावध व्हावे.

कॅमेऱ्यात काय दिसत नाही?

व्हिडीओ हा दुपारच्या लख्ख उजेडात, रिकाम्या घरात, रुंद लेन्सने काढलेला असतो. खोली आहे त्यापेक्षा मोठी दिसते. पण या पट्ट्यात घराची किंमत ठरवणाऱ्या गोष्टी वेगळ्याच असतात.

पहिली गोष्ट पाणी. पिंपरी-चिंचवड महापालिकेने नोव्हेंबर २०१९ मध्ये दिवसाआड पाणीपुरवठा सुरू केला. नव्याने वाढलेल्या भागांत मोठ्या सोसायट्यांना टँकर घ्यावे लागतात. व्हिडीओत नळ चकचकीत दिसतो. महिन्याला टँकरचे किती पैसे निघतात हे सोसायटीच्या सचिवाला किंवा जिन्यात भेटलेल्या काकूंना विचारल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट रस्ता. चाकणला कामाला जाणाऱ्या माणसाला पुणे-नाशिक महामार्गावर पाळी सुटण्याच्या वेळी काय होते हे ठाऊक असते. नव्याने आलेल्याला नसते. ‘एमआयडीसीपासून १५ मिनिटे’ हे रविवारी दुपारचे अंतर असू शकते. कंपन्यांच्या बस आणि कंटेनर एकदम रस्त्यावर आले, की तळेगाव चौक ओलांडायलाच तेवढा वेळ जातो.

तिसरी गोष्ट वास, आवाज आणि धूळ. शेजारी प्रेस शॉप आहे का, रात्री भंगार जाळले जाते का, कचरा डेपोचा वारा कोणत्या महिन्यात इकडे येतो, हे मोबाइलमधून कळत नाही. मोशीत राहणारा एजंट हे न विचारता सांगू शकतो, कारण तो तिथे श्वास घेतो. सहा महिने डोंगरात राहिलेला एजंट हळूहळू ही माहिती गमावत जातो. त्याच्या धंद्याची खरी पुंजी तीच असते.

मग जागेवर जाऊन पाहिले म्हणजे झाले का?

नाही. चिखलीचे उदाहरण त्यासाठी लक्षात ठेवावे लागेल. इंद्रायणीच्या काठावर, निळ्या पूररेषेच्या आत बांधलेले ३६ बंगले पाडण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने २०२४ मध्ये दिला. सर्वोच्च न्यायालयानेही दिलासा नाकारल्यावर महापालिकेने १७ मे २०२५ रोजी ते जमीनदोस्त केले. तिथे प्लॉट घेऊन घर बांधणाऱ्या कुटुंबांनी जागा डोळ्यांनी पाहिली होती. नदी दिसत होती, रस्ता होता, शेजारी बांधकामे उभी राहत होती. जे दिसत नव्हते ते नकाशावर होते.

साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराचे पाणी जिथवर पोहोचते ती निळी रेषा. १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा. नदी आणि निळी रेषा यांच्यामधला पट्टा बांधकामासाठी निषिद्ध असतो. पवना, इंद्रायणी आणि मुळा या तिन्ही नद्या या शहराला लागून वाहतात. त्याशिवाय देहूरोडच्या दारूगोळा कोठाराभोवती संरक्षण खात्याचा ‘रेड झोन’ आहे. निगडी, तळवडे, चिखलीच्या काही भागांना तो लागतो आणि तिथे बांधकामावर निर्बंध आहेत. विकास आराखड्यातली आरक्षणे वेगळीच. बागेचे किंवा रस्त्याचे आरक्षण उघड्या प्लॉटवर उभे राहून दिसत नाही.

या तिन्ही गोष्टी कागदावर सापडतात आणि त्यांची पहिली चौकशी लोणावळ्यात बसूनही करता येते. महापालिकेचा झोन दाखला, पूररेषेचा नकाशा आणि बांधकाम परवानगी मागणे एवढेच काम असते. म्हणजे दूर बसलेला पण कागद काढणारा एजंट हा बाजूला उभे राहून ‘काही होत नाही हो, सगळ्यांनीच बांधलंय’ म्हणणाऱ्यापेक्षा परवडला. अंतर हा मुळात दोष नाही. मोबाइलचा वापर सुंदर व्हिडीओसाठीच होतो आणि नकाशासाठी होत नाही, दोष आहे तो तिथे.

कायद्यानेही यात एजंटाला मोकळे सोडलेले नाही. घराच्या दर्जाबद्दल तोंडी, लेखी किंवा दृश्य स्वरूपात खोटे चित्र उभे करणे ही अनुचित प्रथा ठरते. व्हिडीओही दृश्य स्वरूपच आहे. बुकिंगच्या वेळी ग्राहकाला ज्या कागदपत्रांचा हक्क आहे, ती मिळतील हे पाहणे एजंटाचे कर्तव्य आहे. ‘मी फक्त लिंक पाठवली’ हे उत्तर पुरेसे नाही.

चाकण पट्ट्यात अडचण वेगळी का?

पिंपरी-चिंचवडमध्ये मुख्य व्यवहार फ्लॅटचे. चाकणच्या आसपास, खेड तालुक्यात, मोठा बाजार जमिनीचा आणि प्लॉटचा आहे. इथे औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी, चाकण शहरात नगर परिषद आणि आजूबाजूच्या गावांत पीएमआरडीए असे वेगवेगळे परवानगीदार आहेत. आपल्या प्लॉटला परवानगी कोणाची लागते हाच पहिला प्रश्न. शेतजमीन असेल तर महाराष्ट्रात ती साधारणपणे शेतकऱ्यालाच घेता येते. एक-दोन गुंठ्यांच्या तुकड्यांना १९४७ चा तुकडेबंदी कायदा आड येतो. सरकारने अलीकडे त्यात सवलती दिल्या असल्या, तरी त्या प्रत्येक गुंठ्याला आपोआप लागू होत नाहीत. पाचशे चौरस मीटरवरच्या जागेत प्लॉट पाडून विकले जात असतील, तर त्या प्रकल्पालाही महारेराची नोंदणी लागते.

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सातबाऱ्यावर क्षेत्र दिसते, पण त्या गुंठ्याला जायला रस्ता आहे की नाही हे दिसत नाही. सामाईक सातबाऱ्यात कोणाचा तुकडा नेमका कुठे, हेही दिसत नाही. मोजणी करून हद्दीच्या खुणा पाहाव्या लागतात, शेजारच्या बांधावरच्या माणसाशी बोलावे लागते. हे काम दुरून होत नाही. प्लॉटच्या बाबतीत ‘लोकेशन पाठवतो’ म्हणणारा एजंट नकाशावर टाचणी टोचतो. ती टाचणी गट नंबर बदलण्याइतकी सरकलेली असू शकते.

आश्वासनांचेही तसेच. खेड तालुक्यात विमानतळ होणार म्हणून एकेकाळी चाकण-राजगुरुनगर भागात जमिनी विकल्या गेल्या. २०१६ मध्ये विमानतळासाठी पुरंदरची जागा पुढे आली. होऊ घातलेल्या प्रकल्पाच्या नावावर भाव सांगणाऱ्याला त्याची अधिसूचना मागावी.

भाड्याच्या व्यवहारांचे काय?

दुरून चालण्यासारखा सर्वांत सोपा भाग हाच आहे. या पट्ट्यात कंपन्यांतले कामगार, प्रशिक्षणार्थी, अभियंते सतत येत-जात असतात. अकरा महिन्यांचे करार सतत नव्याने होतात आणि छोट्या एजंटाचा महिन्याचा खर्च त्यावरच निघतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ नुसार लिव्ह अँड लायसन्स करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. त्याची नोंदणी ऑनलाइन होते. आधारशी जोडलेला अंगठा आणि फोटो दिला की दुय्यम निबंधक कार्यालयात जावे लागत नाही.

पण अंगठ्याचे यंत्र घेऊन निघोजेच्या भाडेकरूकडे आणि निगडीच्या मालकाकडे कोणीतरी जावेच लागते. चावी वॉचमनकडून घेऊन घर दाखवावे लागते. आधीच्या भाडेकरूने गिझर काढून नेला आहे का ते पाहावे लागते. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे द्यावी लागते. पिंपरी-चिंचवडचे स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १५ ऑगस्ट २०१८ ला सुरू झाले आणि चाकणही त्याच्याच हद्दीत आहे.

अमेरिकेत एजंट समुद्रकाठच्या घरातून काम करतात, ते कसे?

तिथली व्यवस्था वेगळी आहे. विक्रीला आलेल्या घरांची माहिती एजंटांच्या सामाईक यादीत असते. दारावर कुलूपबंद छोटी पेटी असते, तिच्यात चावी असते आणि परवानाधारक एजंट ती उघडून ग्राहकाला घर दाखवू शकतो. त्यामुळे एका एजंटाने ग्राहक सांभाळायचा आणि दुसऱ्याने दार उघडायचे, अशी कामाची वाटणी सहज होते. परवाना मात्र तिथेही राज्यागणिक वेगळा.

आपल्याकडे यादी एजंटाच्या डायरीत किंवा चार जणांच्या व्हॉट्सॲप गटात असते आणि चावी शेजारच्या मावशींकडे. व्यवस्था ओळखीवर चालते. मावशी चावी देतात ती एजंटाला ओळखतात म्हणून. तो सहा महिने दिसला नाही, तर चावी दुसऱ्याला मिळते.

जागेवर जाणारा माणूस कोण असावा?

दूर राहून हा धंदा करायचा असेल तर जागेवरचा भरवशाचा जोडीदार ही पहिली गरज आहे. इथेही कायद्याची एक मेख आहे. हा जोडीदार स्वतः ग्राहक आणून कमिशनमध्ये वाटा घेत असेल, तर व्याख्येनुसार तोही एजंटच ठरतो आणि नोंदणीकृत प्रकल्पात त्यालाही नोंदणी लागते. ‘आमचा पोरगा दाखवेल’ म्हणताना तो पोरगा कोण, त्याला काय माहीत आहे आणि चूक झाली तर जबाबदार कोण, हे ठरलेले हवे. वरच्या उदाहरणातल्या ६० हजारांत निम्मा वाटा त्याचा धरला, तर ३० हजार उरतात. गाळ्याचे भाडे वाचले म्हणून झालेला फायदा इथे कमी होतो. हे गणित आधी मांडून पाहायला हवे.

दुसरे गणित वारांचे आहे. पिंपरी, भोसरी भागातल्या बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुटी असते. आयटीतली माणसे शनिवार-रविवारी मोकळी असतात. म्हणजे कामगार ग्राहक गुरुवारी आणि आयटीतला ग्राहक शनिवार-रविवारी घर पाहायला निघतो. ज्या दिवशी जग लोणावळ्याला जाते, त्या दिवशी एजंटाला मोशीत किंवा पुनावळ्यात असावे लागते. त्याचे डोंगरातले दिवस सोमवार ते बुधवार. तेव्हा गर्दी नसते, रस्ता मोकळा असतो आणि कागद तपासायला शांतता मिळते. पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसतो, तेव्हा टोकनच्या दिवशी तरी खाली उतरलेले बरे.

दुरून व्यवहारात फसवणूक कशी होते?

नेहमीचा प्रकार असा. भाड्याच्या घराचे सुंदर फोटो, भाडे बाजारापेक्षा कमी. मालक लष्करात किंवा परराज्यात बदलीवर असल्याचे सांगतो, ओळखपत्राचा फोटो पाठवतो. ‘दोघे-तिघे विचारत आहेत, टोकन टाका म्हणजे चावी ठेवतो.’ पैसे गेले की फोन बंद. नोकरी लागून पहिल्यांदाच शहरात येणारी मुले यात सापडतात. खरा एजंटही दुरूनच बोलत असेल, तर खऱ्या-खोट्यातला फरक ग्राहकाला कळणे आणखी अवघड होते. प्रामाणिक एजंटाने म्हणूनच नोंदणी क्रमांक, कार्यालयाचा पत्ता आणि जागेवर भेटणाऱ्या माणसाचे नाव न मागता द्यावे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर तातडीने कळवावे. जितके लवकर कळवाल तितकी रक्कम गोठवली जाण्याची शक्यता अधिक.

नव्या प्रकल्पात आणखी एक मर्यादा लक्षात ठेवावी. नोंदणीकृत करारनामा होण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. ६० लाखांच्या फ्लॅटला ही मर्यादा सहा लाख रुपये. पैसे प्रकल्पाच्या खात्यात जावेत, एजंटाच्या यूपीआयवर नव्हे.

ग्राहकाने काय विचारावे?

एजंट कुठे राहतो हे विचारण्याची गरज नाही. चार गोष्टी मात्र विचाराव्यात. तुमचा महारेरा क्रमांक काय आणि तो आज चालू आहे का? प्रकल्पाची किंवा जागेची परवानगी कोणाची आणि पूररेषा, रेड झोन, आरक्षण यांची चौकशी केली का? ती केल्याचा कागद कुठे आहे? आणि शेवटचा प्रश्न, ‘ही जागा तुम्ही स्वतः शेवटची कधी पाहिली?’

‘गेल्या गुरुवारी, पाळी सुटायच्या वेळी. टँकर उभा होता,’ असे उत्तर आले, तर एजंट लोणावळ्यात राहतो की मोशीत, याने फारसा फरक पडत नाही. उत्तर ‘व्हिडीओ पाठवतो की’ असे आले, तर तो शेजारच्या गल्लीत बसला असला तरी त्याच्या भरवशावर टोकन देऊ नये.